खादाड आणि दहा बोटं

बागखात्याच्या आवारात त्याला तोंडावर सगळे 'दादा' म्हणत आणि पाठीमागे 'दहा'. हे दुसरं नाव त्याने स्वतःच्या हातांनी कमावलं होतं. शहरभरच्या बागांतून, शाळांच्या कुंपणांवरून, रस्त्याकडेच्या झाडांवरून छाटलेला हिरवा पाला, फांद्या आणि वेली ट्रकने त्या आवारात येत आणि मधोमध उभ्या असलेल्या चिपरच्या तोंडात जात. इकडून फांदी घातली की तिकडच्या सोंडेतून भुगा उडायचा. त्या चिपरचं नाव होतं खादाड, आणि गेली सत्तावीस वर्षं दहा खादाडला भरवत होता. रोज संध्याकाळी यंत्र बंद करून किल्ली काढली, आतलं पात्यांचं पिंप फिरायचं पूर्ण थांबलं, की तो दोन्ही हात वर करायचा आणि खड्या आवाजात मोजायचा, "एक, दोन, तीन..." दहापर्यंत पोचला की म्हणायचा, "आले सगळे घरी." मग जवळपास असेल त्याला हात वर करून बोटं मोजून दाखवावी लागत. ट्रकचा ड्रायव्हर असो, कारकून असो, की नुसता पत्ता विचारायला आलेला माणूस असो. एकदा पोस्टमनने नकार दिला, तर दहाने टपाल घेतलं नाही.

ही खोड त्याला ज्याच्याकडून लागली, त्या जुन्या चालकाला सगळे 'साडेआठ' म्हणायचे. का म्हणायचे ते त्याने चहाचा कप उचलला की समजायचं. साडेआठने पहिल्याच दिवशी दहाला समोर बसवून सांगितलं होतं, "फांदीचं काय भय नाही रे. फांदी सरळ येते, सरळ जाते. वेल तसली नव्हे. वेल एकटी जातच नाही, सोबत कुणालातरी घेऊन जाते." त्याने स्वतःच एकदा घाईत लांबच्या लांब वेल तशीच खादाडच्या तोंडात दिली होती. पुढचं टोक पिंपाला गुंडाळलं, मागचं टोक त्याच्या हातमोज्याच्या सैल मनगटात अडकलेलं होतं, आणि यंत्र कुणाची वाट बघत नाही. ते ऐकून त्याच दिवशी दहाने ठरवलं, की आपण निवृत्त होऊ तेव्हा दहाच्या दहा घेऊन घरी जाऊ. माणसाला आयुष्यात काहीतरी ध्येय असावं, त्याचं हे होतं.

मग त्याने नियमांचा असा काही बडगा उगारला की विचारू नका. खादाडभोवती पिवळी रेघ. रेघेच्या आत जाण्यापूर्वी जोडीदाराने जोडीदाराची झडती घ्यायची: अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी, सैल बाही, लोंबणारी नाडी, सुटलेला दोरा, काहीही चालणार नाही. डोळ्यांवर चष्मा, कानांवर जाडी झापडं. यंत्रासमोर उभं न राहता बाजूला उभं राहायचं. हात तोंडात घालायचा नाही, ढकलायला काठी आहे. वेल हातभरापेक्षा लांब द्यायची नाही. आणि काही वेडंवाकडं दिसलं की आधी यंत्र थांबवणारा लाल दांडा खाली, मग चर्चा. घरीसुद्धा त्याची ही सवय सुटत नसे. बायको मिक्सर लावायला गेली की हा ओट्यापाशी येऊन तिच्या बाह्या तपासायचा. "अहो, चटणी करतेय, झाड नाही कापत," ती म्हणायची. तिने पस्तीस वर्षांच्या संसारात मिक्सरचं झाकण एकदाही शांतपणे उघडलं नव्हतं.

आवाराच्या फाटकापाशी एक काळा फळा होता. 'अपघाताविना कामाचे दिवस', आणि त्याखाली खडूने आकडा. आकडा दहा स्वतः रोज पुसायचा आणि स्वतः लिहायचा. ही गोष्ट घडली तेव्हा त्यावर सात हजार आठशे बेचाळीस होते, आणि त्याच्या निवृत्तीला एकोणीस दिवस उरले होते.

त्याच्यामागे खादाड कुणाकडे जाणार, हे त्याच्या मनात कधीच ठरलेलं होतं. बाईकडे. बाई नऊ वर्षांपूर्वी आवारात झाडू घेऊन आली होती. बोलायला कमी आणि बघायला तरबेज. वेली कापताना दहाचा अर्धा दिवस जातो हे तिने आठवडाभर पाहिलं आणि जुन्या फळ्यांचा हातभर लांबीचा एक खोका ठोकून आणला. खिळा एकही नाही, सगळ्या लाकडी खुंट्या, कारण खिळा निसटून पाल्यात गेला तर पात्यांची वाट लागेल हेही तिला न सांगता कळलं होतं. वेल खोक्यात घड्या घालून भरायची आणि दोन्ही कडांना कोयता चालवायचा, की सगळे तुकडे एका मापाचे. दहाने त्या दिवशी तिच्या हातातला झाडू काढून घेतला आणि काठी दिली. पण कागदोपत्री ती अजून झाडूवालीच होती. नवे साहेब सही करतील तर बाई चालक होणार, नाहीतर बाहेरचा ठेकेदार आपलं अवाढव्य यंत्र घेऊन येणार, खादाड भंगारात आणि बाई पुन्हा झाडूकडे. साहेबांचा कल कुठे होता ते सांगायला नको. त्यांच्या टेबलावर ठेकेदाराच्या यंत्राचं रंगीत चित्र काचेखाली लावलेलं होतं.

आणि नेमक्या त्या रविवारी दहाने आपलं बोट मोडून घेतलं.

झालं असं, की त्याचा मेहुणा घरी आला होता. मेहुण्याने नवीन कटर घेतला होता आणि गच्चीवरची वेल आपणच छाटणार अशी बढाई मारत होता. दहाला चेव चढला. बाल्कनीतली घडीची खुर्ची ओढून तो तिच्यावर बसला आणि सुरू झाला. "यंत्र काय आणि साधी वस्तू काय, जिथे दोन भाग एकमेकांवर मिटतात तिथे बोट न्यायचं नाही. आता ही खुर्चीच घ्या. समजा, माझा हात इथे आहे..." त्याने हात तिथे ठेवला, दाखवण्यासाठी नेमका पुढे झुकला, आणि खुर्ची मिटली.

मेहुण्याने पुढे आयुष्यभर शपथेवर सांगितलं, की इतका परिणामकारक धडा त्याने कधी पाहिला नाही. कटर त्याने दुसऱ्याच दिवशी परत केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. उजव्या हाताचं मधलं बोट वांग्याएवढं सुजलं, डॉक्टरांनी हाडाला चीर गेल्याचं सांगितलं, पट्टी बांधून भलं मोठं गाठोडं करून दिलं आणि म्हणाले, "तीन आठवडे."

दहाने रिक्षात बसल्या बसल्या मोजलं. तीन आठवडे म्हणजे एकवीस दिवस. त्याचे उरले होते एकोणीस. म्हणजे शनिवारी त्याने खादाडला शेवटचं भरवलं होतं आणि त्याला ते माहीतच नव्हतं. माहीत असतं तर निदान पाठीवर एक थाप मारली असती. त्याला इतकं वाईट वाटलं, की बायकोने काय दुखतंय विचारल्यावर तो "बोट" म्हणाला.

सोमवारी तो आवारात शिरला आणि पहिली गाठ पडली ती ट्रकच्या ड्रायव्हरशी. ड्रायव्हरने पट्टीकडे पाहिलं, खादाडकडे पाहिलं, आणि तोंडात बोट घातलं.

"खाल्लं?"

"कुणी?"

"खादाडने?"

"खुर्चीने," दहा म्हणाला.

ड्रायव्हरने समजूतदारपणे मान हलवली. "खुर्चीने. बरं. कुणी विचारलं तर मीही खुर्चीच सांगेन, दादा."

दुपारपर्यंत अख्ख्या खात्यात बातमी झाली, की सत्तावीस वर्षांनी खादाडने दहाचा घास घेतला आणि म्हातारा खुर्चीवर ढकलतोय. कुणी म्हणालं एक बोट, कुणी म्हणालं तीन. साहेब स्वतः खाली आले. त्यांनी फळ्यावरचा आकडा पाहिला, पट्टी पाहिली आणि किल्ली मागून घेतली. "चौकशी होईपर्यंत यंत्र बंद. आणि हा आकडा पुसा, शून्य करा."

"साहेब, खुर्ची होती ती. घडीची," दहा म्हणाला. हे वाक्य त्याला स्वतःलाही खोटं वाटू लागलं होतं.

"दादा, सत्तावीस वर्षं यंत्रावर असलेल्या माणसाचं बोट खुर्चीत मोडतं, यावर कोण विश्वास ठेवेल?"

खरंच, कोण ठेवेल? बाई मात्र पुढे झाली. तिने दहाला एक शब्द विचारला नाही. "दादा खुर्ची म्हणतात म्हणजे खुर्ची," ती साहेबांना म्हणाली, "शून्य मी लिहिणार नाही. दुसऱ्या कुणाला सांगा." कुणीच पुढे आलं नाही. खडू तिथेच पडून राहिला.

आता मागे ढीग वाढत होता. वाचनालयाच्या चारी भिंतींवरची वेल त्याच आठवड्यात उतरवली होती, आणि दोन ट्रक भरून ती ओली, गुंतलेली वेल आवारात येऊन पडली होती. असा ढीग ठेवून चालत नाही. दोन दिवसांत आतून तापतो, वास मारतो, आणि खालची टोकं मातीत मुळं धरायला लागतात. ठेकेदाराचा माणूस सोमवारी दोनदा फाटकाशी येऊन ढीग बघून गेला.

मंगळवारी सकाळी दहाची बायको बसमधून उतरली, बगलेत खुर्ची घेऊन. नवऱ्याला खोटारडा ठरवतात म्हटल्यावर तिने डबाही भरला नव्हता. कारकुनाच्या अंगावरून ती सरळ साहेबांच्या खोलीत गेली आणि टेबलासमोर खुर्ची उघडून उभी केली. "ही ती. विचारा तिला काय विचारायचं ते."

"बाईसाहेब, खुर्चीला काय विचारणार?"

"मग माझं ऐका. माझ्या मिक्सरवर लक्ष ठेवता ठेवता ज्या माणसाने मला पस्तीस वर्षं वैताग दिला, तो यंत्रात बोट घालेल? हा माणूस यंत्राला घाबरतो, साहेब. खुर्चीला नाही घाबरला, तिथेच चुकला."

साहेब हसले. वाकून त्यांनी खुर्चीचा सांधा न्याहाळला. "पण इथे बोट जाईलच कसं?" असं म्हणून त्यांनी करंगळी घालून पाहिली आणि दुसऱ्या हाताने खुर्चीची पाठ जराशी पुढे लोटली.

त्यांची किंकाळी खाली फाटकापर्यंत ऐकू गेली. हाड वाचलं, नख काळंनिळं झालं, आणि चौकशी तिथल्या तिथे आटोपली. साहेबांनी करंगळी फुंकत फुंकत 'खुर्ची' असा शेरा मारला. पण माणूस अडकला की अधिकच ताठ होतो. "आकडा राहू दे," ते म्हणाले, "पण दादा तर आता भरवू शकत नाहीत. उद्या सकाळी बाईने माझ्यासमोर एक तास वेल भरवून दाखवावी. एकही नियम मोडला, तर ठेकेदाराला बोलावणार. मग मला कुणी काही सांगायचं नाही."

बुधवारी सकाळी सगळे हजर. साहेब हातात नियमांचा कागद घेऊन, ठेकेदाराचा माणूस साहेबांच्या मागे, ड्रायव्हर आज बाईचा जोडीदार म्हणून, आणि दहा रेघेबाहेर त्या घडीच्या खुर्चीवर. बायकोने ती परत न्यायला साफ नकार दिला होता. रेघेच्या आत दहाला जाता येत नव्हतं. पट्टी म्हणजे लोंबणारी वस्तू, आणि नियम त्याचाच होता. स्वतःच्या हाताने ओढलेल्या रेघेबाहेर बसून दुसऱ्याला आपलं काम करताना बघणं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच कळतं.

बाईने ड्रायव्हरची झडती घेतली. खिशातून तंबाखूची डबी, गळ्यातून रुमाल आणि पायजम्याची हातभर नाडी निघाली. नाडी आत खोचायला लावली. मग स्वतःची झडती द्यायला हात पसरले. ड्रायव्हर संकोचला तर म्हणाली, "बाह्या बघ, वेणी बघ. लाजू नकोस, नाहीतर फळा तू पुस." वेणी टोपीत घट्ट कोंबलेली होती. चष्मे चढले, कानांवर झापडं बसली, साहेबांनाही बसवली. ठेकेदाराचा माणूस नको म्हणाला, तर त्याला फाटकाबाहेर उभं केलं.

खादाड धडधडत सुरू झाला. बाई तोंडाच्या बाजूला उभी राहिली. नुसता ओला पाला दिला तर सोंड तुंबते, म्हणून तिचा हिशेब ठरलेला: एक घास वेल, दोन घास सुकं लाकूड. फांदी जाड बुडख्याकडून आत, तिच्या पाठीवर वेलीचे हातभर तुकडे, आणि वरून काठीने हलकासा रेटा. खोक्यातून तुकडे येत होते, भुगा उडत होता. ती घाई करत नव्हती. दहाच्या लक्षात आलं, की ती त्याच्यापेक्षा संथ आहे आणि त्याच्यापेक्षा चांगली आहे. हे पचायला जरा जड गेलं, पण गेलं.

चाळीस मिनिटं झाली असतील. दहाची नजर बाईच्या पायांकडे गेली. ढिगातून निसटलेली एक लांबलचक हिरवी वेल तिच्या टाचेमागे वेटोळं करून पडली होती. शेंडा कुठे होता ते दिसत नव्हतं. आत गेला असेल तर? त्याला साडेआठचा चहाचा कप दिसला. ओरडून काही उपयोग नव्हता, सगळ्यांच्या कानांवर झापडं. दहा उठला आणि काहीही विचार न करता, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा झडती न देता, रेघ ओलांडून धावला.

पुढच्या क्षणी बाईने लाल दांडा खाली ओढला.

खादाड घरघरत मंदावला. कुणीही हललं नाही, कारण पिंप थांबेपर्यंत हलायचं नाही हाही नियम होता. दोन मिनिटं सगळे जागच्या जागी उभे राहिले. मग बाईने किल्ली काढली, झापड उतरवलं आणि वळली. दहा रेघेच्या चार पावलं आत उभा होता आणि त्याच्या पट्टीचं सुटलेलं टोक वीतभर खाली लोंबत होतं.

"तुमच्या पायात वेल..." तो म्हणाला.

"बघितली मी. दोन्ही टोकं कापलेली आहेत. पडलीय नुसती." बाईने वेल उचलून दाखवली. मग तिचा आवाज चढला. नऊ वर्षांत त्याच्यावर तो कधी चढला नव्हता. "आणि ही पट्टी? ही कुठे कापलीय? रेघेच्या आत कुणी यायचं नाही हे मला कुणी शिकवलं? मागे व्हा, दादा. आधी मागे व्हा!"

दहा मागे झाला. रेघेबाहेर आल्यावर त्याला कळलं, आपण काय करून बसलो ते. साहेबांच्या हातात नियमांचा कागद होता आणि साहेब पेन शोधत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. रविवारी बोट गेलं, आज बाईचं यंत्र गेलं, आणि दोन्ही आपल्याच हाताने. त्याला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं.

"नियम मोडला," साहेब म्हणाले.

"मोडला," बाई म्हणाली. तिने एक शब्दही झाकला नाही. "दादांनी मोडला. म्हणून मी यंत्र बंद केलं."

"सत्तावीस वर्षांचा माणूस, तुझा गुरू. आणि तू सगळ्यांसमोर त्याला हाकललंस?"

"पट्टीला काय माहीत गुरू कोण ते."

साहेबांनी स्वतःच्या काळ्यानिळ्या करंगळीकडे पाहिलं, पेनाचं टोपण काढलं आणि कागद उलटा करून त्याच्या पाठीवर लिहिलं: चालक, बाई. खाली सही केली. "ढीग आज संपवा," एवढं म्हणून ते वर निघून गेले. ठेकेदाराच्या माणसाला फाटकाबाहेर काही ऐकू आलं नव्हतं. तो तासभर तसाच उभा होता.

ढीग संध्याकाळी पाचला संपला. दहा उठला, खुर्ची घरी न्यावी म्हणून तिची घडी घालायला वाकला, तोच अख्खं आवार ओरडलं, "थांबा!" खुर्ची बाईने मिटली आणि भिंतीला टेकवली. मग तिने किल्ली काढली, पिंप थांबू दिलं, आणि दहाकडे पाहिलं. तो सवयीने हात वर करणार होता, पण तिने मान हलवली. आता मोजायचं काम तिचं होतं.

तिने स्वतःची दहा मोजली, ड्रायव्हरची दहा मोजली. मग दहासमोर आली. डाव्या हाताची पाच झाली, उजव्याची चार, आणि पुढे नुसतं गाठोडं.

"नऊच दिसतात," ड्रायव्हर म्हणाला, "आता नाव बदलावं लागणार."

बाईने गाठोडं दोन्ही हातांत घेतलं आणि शेंड्यापाशी बारीकसं दाबलं.

"आई गं!" दहा कळवळून ओरडला.

"बोललं," बाई म्हणाली. "म्हणजे आहे. दहा. आले सगळे घरी."

सत्तावीस वर्षं तो हे वाक्य इतरांना म्हणत आला होता. त्याला ते कुणी कधी म्हटलं नव्हतं, आणि ऐकायला इतकं बरं वाटतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. बोट ठणकत होतं, डोळे भरून आले होते, आणि कशामुळे ते त्याने कुणाला सांगितलं नाही. खडू उचलून त्याने बाईच्या हातात दिला, आणि ती आकडा लिहीपर्यंत तो फळ्यापाशी उभा राहिला.